साहेब होडीत चढले

नाबोर कोसीओने आयुष्यात एकच गोष्ट खरी सांगितली असेल, ती म्हणजे स्वतःचं नाव. आणि आडनावाबद्दल तर ला पासच्या धक्क्यावर दोन मतं होती. एकदा देवमाशाने त्याची होडी दोराला धरून समुद्रापलीकडे माझातलानला नेली आणि परत आणून बांधली, तेव्हा पेल्यातली कॉफी अजून गरम होती, असं तो शपथेवर सांगायचा. कोणी विचारलंच, की बाबा रे, देवमाशाला गाठ कशी मारता आली, तर तो चिडायचा. "गाठ मी मारली. त्या बिचाऱ्याला हात कुठून आणू? तुम्ही पण काहीही विचारता!"

अर्धं आयुष्य त्याने मासेमारी केली. मग मासे कमी झाले, बेटं सरकारने राखीव केली, आणि नाबोरच्या होडीत जाळ्यांच्या जागी हवेच्या टाक्या आल्या आणि रबरी पोशाखात कोंबलेली शहरी माणसं आली. नाबोरला त्याचं दुःख नव्हतं. माशांना गोष्टी सांगून उपयोग नव्हता, या लोकांना सांगता येत होत्या. खाली पाण्यात घेऊन जायचं काम त्याची भाची नेरेइदा करायची, वर होडी सांभाळायचं काम नाबोर करायचा. त्याचं इंजिन इतकं म्हातारं होतं की चालण्याऐवजी ते खोकायचं, आणि तो खोकला खाडीभर ओळखीचा होता. तो ऐकू आला की नाबोरची बायको तवा तापत ठेवायची.

ही सगळी माणसं पैसे मोजून यायची ती लास मुएलाससाठी. मुएलास म्हणजे दाढा. खाडीच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेले दोन बोडके खडक, पक्ष्यांच्या शिटेने पांढरेफेक. त्यांच्यावर समुद्रसिंहांची वस्ती होती: माद्या, पिल्लं, टगे तरुण नर, आणि सगळ्यांच्या वरच्या कातळावर एक अवाढव्य नर. त्याला धक्क्यावरचे लोक 'साहेब' म्हणायचे, कारण तो दिवसभर उंच जागी बसून ओरडायचा आणि त्याच्या ओरडण्याने कोणाचं काही काम झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

खडकाजवळ होड्या बांधायला दोनच बोये, म्हणजे नांगरलेली तरंगती पिंपं. त्यामुळे होडीवाल्यांच्या मंडळाने पाळ्या लावल्या होत्या. उन्हाळ्यात पिल्लं जन्मायची तेव्हा खडक सगळ्यांनाच बंद. बाकीच्या महिन्यांत ज्याला पाळी त्याला धंदा. पाळी नसलेल्याने गिऱ्हाइकांना बुडालेली फेरीबोट दाखवायला न्यायचं, जिथे गंजाखेरीज काही नव्हतं आणि एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नव्हता. पाळी जाण्याचं कारणही एकच पुरायचं: खडक नजरेच्या टप्प्यात असताना मासा कापायचा नाही, कोथळा पाण्यात टाकायचा नाही. टाकला, तर सबंध हंगामाची पाळी गेली. हा नियम मंडळाच्या प्रमुख दोन्या एल्पिदिया ओखेदा यांनी केला होता. दोन्या म्हणजे बाईसाहेब. बाई धक्क्यावर पेट्रोल विकायच्या. त्यांच्याशी भांडलेल्या माणसाची होडी वल्ह्यांवर चालायची.

त्या ऑक्टोबरच्या सकाळी होडीत पाच माणसं होती. त्यांच्यात मोंतेर्रेचा एक दातांचा डॉक्टर होता, गोल, गुलाबी आणि अतिशय उत्साही. 'दाढा' हे नाव ऐकल्यापासून त्याचं हसणं थांबलं नव्हतं. बोयाला दोर लागला, इंजिन शेवटचं खोकून गप्प झालं, आणि नेरेइदा टाक्यांच्या ओळीसमोर उभी राहिली.

"हात असे," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात छातीशी घडी घालून काखेत दाबले. "खाली गेल्यावर हे असेच. कोणाला धरायचं नाही, कोणाला गोंजारायचं नाही. पिल्लं येतील. तुमच्या फिन्स चावतील, टोपी ओढतील, मास्कला नाक लावतील. त्यांना परवानगी आहे, तुम्हाला नाही."

"आणि ते माझ्या मांडीवरच येऊन बसलं तर?" डॉक्टरने विचारलं.

"तर तुम्ही खुर्ची व्हायचं. खुर्ची हात हलवते का?"

"नाही."

"पिल्लाच्या मागे पोहायचं नाही. मागे लागलात तर जातात, गप्प राहिलात तर येतात. माणसांसारखंच आहे. आणि साहेब येतील. ते खडकासमोर येरझारा घालतात. ते आणि खडक यांच्या मध्ये कोणी जायचं नाही. त्यांनी तोंडासमोर मोठे बुडबुडे सोडले, पाण्यात भुंकले, की मी अशी मूठ दाखवीन. मूठ दिसली की सगळे माझ्यामागे. फोटो अर्धा राहिला तर राहिला."

"एकदा या साहेबाने," नाबोर मागून म्हणाला, "एका जर्मन माणसाचा कॅमेरा काढून घेतला आणि त्याचाच फोटो—"

"मामा, इंजिन बघा."

"इंजिन बंद आहे, पोरी."

"मग बंद इंजिन बघा."

एकेक जण पाठीवर कलंडून पाण्यात पडला. शेवटी नेरेइदा गेली. बुडबुड्यांच्या माळा खडकाच्या दिशेने सरकल्या, आणि नाबोर एकटा उरला.

एकटेपण त्याला मानवत नसे. ऐकायला कोणी नसलं की त्याला भूक लागायची. बर्फाच्या पेटीत सकाळी धक्क्यावर घेतलेला काब्रिया मासा होता, चांगला हातभर लांब. रोजची रीत अशी की डाइव्ह आटोपली की होडी पलीकडच्या आखातात न्यायची, खडक डोंगराआड गेला की वाळूत उतरून मासा कापायचा, लिंबाच्या रसात मुरवायचा, कांदा-मिरची घालून लोकांपुढे ठेवायचा. पण उत्तरेकडे आभाळाची कड काळसर दिसत होती. वारा सुटला तर आखातात थांबता येणार नाही, लोकांना उपाशी परत न्यावं लागेल, असा विचार नाबोरच्या मनात आला. विचार शहाणा होता. आत्ताच कापून लिंबात टाकला, तर जातानाच मुरेल. घाण बादलीत टाकायची, झाकण लावायचं, समुद्राला पत्ता लागायचा नाही.

त्याने बादली डाव्या पायाशी घेतली. फळी मांडीवर घेतली. खवले काढले, पोट फाडलं, दोन बोटं घालून कोथळा बाहेर ओढला आणि डाव्या खांद्यावरून मागे समुद्रात भिरकावला.

डोकं बादली म्हणालं होतं. हात समुद्र म्हणाला. अर्धं आयुष्य त्या हाताने तेच केलं होतं, आणि त्याला राखीव बेटांबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्यावरच तो थांबला नाही. सुरीला चिकटलेले खवले झाडायला त्याने ती होडीच्या कडेवर दोनदा आपटली. टक, टक. त्या किनाऱ्यावरचा प्रत्येक जुना कोळी असंच करतो. आणि त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या समुद्रसिंहाला त्याचा अर्थ कळतो: ताटं वाढली आहेत.

नाबोरला आवाज ऐकू आला तो आपल्याच सुरीचा, आणि मग आपण काय केलं ते कळलं. त्याने मागे वळून पाहिलं. लालसर ढग पाण्यात पसरत होता. आधी एक पेलिकन आला, मग तीन. मग वरच्या कातळावरची साहेबांची जागा रिकामी दिसली.

"येशू, मारिया आणि योसेफ," नाबोर म्हणाला, आणि त्याचं हे वाक्य पुरं व्हायच्या आत होडीचा मागचा भाग पाण्यात खचला, पुढचा भाग वर गेला, आणि इंजिनाशेजारून साहेब आत आले.

समुद्रसिंह लहान होडीत चढत नाहीत असं पुस्तकात लिहिलेलं असेल, तर साहेबांनी पुस्तक वाचलं नव्हतं. ते ओले, काळे आणि एखाद्या कपाटाएवढे होते. कपाटाला मिशा असतील आणि कपाट मेलेल्या माशाचा वास सोडत असेल, तर. त्यांनी फळीवरचा काब्रिया एका घासात उचलला. लिंबांकडे बघितलं, नाक मुरडलं. मग डॉक्टरच्या घडी करून ठेवलेल्या कपड्यांवर बूड टेकून ते नाबोरकडे बघायला लागले.

आता नाबोर खोटारडा होता, पण नियम त्याला तोंडपाठ होते. नेरेइदाने ते त्याच्या कानाशी हजारदा म्हटले होते. साहेबापासून निदान पाच मीटर दूर राहायचं. त्याला हुसकायचं नाही, ढोसायचं नाही, वल्हं दाखवायचं नाही. होडी सात मीटर होती आणि त्यातली निम्मी साहेबांनी व्यापली होती. हिशेब कसाही मांडला तरी नाबोर जास्त होत होता. त्याने टोपी सावरली आणि बूट-विजारीसकट समुद्रात उडी मारली.

खाली काय चाललं होतं ते नेरेइदाने नंतर सांगितलं. पिल्लं डॉक्टरवर तुटून पडली होती. एक त्याच्या फिनचं टोक चघळत होतं, एक त्याच्या पोटावर आडवं झालं होतं, आणि डॉक्टर हात काखेत घालून आदर्श खुर्ची झाला होता. अचानक सगळी पिल्लं चळली. एकदम वर गेली, खाली आली, एकमेकांना चावायला लागली. मोठ्या माद्याही सैरभैर झाल्या. नेरेइदाने मूठ दाखवली. पाचही जण निमूट तिच्यामागे आले. वर येताना ठरलेल्या खोलीवर ती सगळ्यांना घेऊन थांबली, कारण वर आग लागली असली तरी तिथे थांबायचंच असतं. तिथून तिला होडीचं बूड दिसलं, एका बाजूला कललेलं. आणि होडीपासून थोड्या अंतरावर दोन रबरी बूट दिसले, जे कुठेही जात नव्हते पण फार घाईत होते.

डोकी वर आली. नेरेइदाने मोजली. एक जास्त भरलं.

"मामा?"

"हं."

"तुम्ही पाण्यात काय करताय?"

"अंतर राखतोय," नाबोर म्हणाला आणि खारट पाणी थुंकला.

तिने होडीकडे पाहिलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"कोणी जवळ जायचं नाही," नेरेइदा म्हणाली. "जॅकेटात हवा भरा आणि तरंगा. उतरायचं तेव्हा उतरतील."

"माझ्या विजारीवर बसलेत ते," डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मोंतेर्रेला परत गेल्यावर ती विजार तो काचेत लावणार होता.

ते तरंगत राहिले. एवढ्यात दुसऱ्या बोयाकडे लिब्रादो आमादोरची होडी आली. लिब्रादो नाबोरच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता. त्या नात्याने दोघं एकमेकांना तोंडावर कोंपाद्रे म्हणायचे आणि पाठीमागे आणखी बरंच काही. त्याने इंजिन लांबच बंद केलं, होडीतल्या साहेबांना पाहिलं, पाण्यातल्या नाबोरला पाहिलं.

"कोंपाद्रे," तो ओरडला, "होडी विकलीस का रे? आणि विकलीस ती माझ्याआधी त्याला?"

"चालव आपली!"

"गिऱ्हाईक तोलामोलाचं आहे, त्यात वाद नाही. पैसे दिले का त्याने?"

साहेब ओरडले. लिब्रादो आपल्या होडीत एक पाऊल मागे सरला. आणखी थोडा वेळ साहेबांनी फळी चाटली, बादली उलटी केली, ती रिकामी आहे हे बघून फुसकारले, आणि आले तसे गेले. त्यांच्या मागे होडीत जो वास राहिला, तो पुढचा पाऊस पडेपर्यंत गेला नाही. आणि त्या किनाऱ्यावर पाऊस कधी पडतो ते कोणालाच सांगता येत नाही.

संध्याकाळी धक्क्यावर नाबोरने गोष्ट सांगितली. तीत एक उंच लाट होती, एक मारका शार्क होता, आणि शार्कला भिऊन साहेब नाबोरच्या आश्रयाला आले होते. लोक पोट धरून हसले. दोन्या एल्पिदियाही पेट्रोलचा पाइप हातात धरून हसल्या. कोणी काही विचारलं नाही. साहेबांनी काब्रिया खाल्ला होता आणि त्याबरोबर पुरावाही.

नेरेइदा टाक्या धूत होती. लोक पांगल्यावर ती म्हणाली, "मामा, काब्रिया पेटीत होता ना?"

"पेटीतच होता. त्याने पेटी उघडली. हुशार जनावर."

"आणि खवलेही त्यानेच काढले?"

नाबोरने आपल्या मनगटाकडे पाहिलं. केसांत दोन खवले चिकटून चमकत होते.

"चुकून झालं गं," तो म्हणाला. "हात गेला."

"मला माहितेय हात गेला. माझ्या बापाचाही गेला असता. पण सांगा दोन्यांना."

"सांगितलं तर हंगाम गेला. फेरीबोटीवर कोण येतंय? तुझंही पोट त्यावरच आहे, बाई."

"तुम्ही नाही सांगितलंत तर साहेब सांगतील."

"साहेब? आता तू पण गोष्टी सांगायला लागलीस," नाबोर म्हणाला आणि घरी गेला. त्या रात्री बायकोने मासा वाढला, तर त्याने नको म्हटलं. असं आधी कधी घडलं नव्हतं.

पुढची पाळी रविवारी आली. रविवारी सगळ्यांना खडक हवा असतो, त्यामुळे बोये भरलेले आणि बाकीच्या होड्या लांब रांगेत थांबलेल्या. लिब्रादो होता, आणखी तिघं होते, आणि बोयांची पाहणी करायला दोन्या एल्पिदिया स्वतः छत्री उघडून लिब्रादोच्या होडीत बसल्या होत्या. साहेब कातळावर झोपले होते. होड्या येत होत्या, जात होत्या, ते मिशी हलवत नव्हते.

मग नाबोरचं इंजिन खोकत आलं.

साहेबांनी डोळे उघडले. ते कातळावरून पाण्यात पडले, पाण्यात लांबच लांब रेघ उमटली, आणि ती लिब्रादोला ओलांडून, त्या तिघांना ओलांडून सरळ नाबोरच्या होडीकडे आली. त्यांनी होडीला एक फेरी घातली. फेरी मागच्या बाजूने होती, आणि मागच्या बाजूला पाण्यात इंजिनाचा पंखा फिरत होता.

नाबोरने ते पाहिलं. फिरत्या पंख्यापासून मिशा हातभर अंतरावर होत्या. त्याने चावी इतक्या जोरात फिरवली की ती तुटून हातात आली. इंजिन मेलं. साहेबांनी वर येऊन होडीच्या कडेवर हनुवटी ठेवली, तोंड उघडलं आणि वाट बघायला लागले.

नाबोरने आधी त्यांच्या मिशा शाबूत आहेत का ते पाहिलं; पाळी त्याला नंतर आठवली.

"नाबोर," छत्रीखालून आवाज आला. "हा तुझ्याकडे काय मागतोय?"

नाबोरला त्या क्षणी निदान चार उत्तरं सुचली असतील, आणि त्यांतलं एखादं चाललंही असतं. त्याने तुटलेली चावी खिशात टाकली.

"कोथळा, दोन्या," तो म्हणाला.

बैठक धक्क्यावरच झाली, माडाच्या झापांच्या सावलीत, उलट्या बादल्यांवर बसून. बैठक म्हणजे दोन्या एल्पिदिया बोलणार आणि बाकीचे बादल्या हलवणार.

"हंगाम गेला, हे तर झालंच," त्या म्हणाल्या. "पण माझी अडचण वेगळी आहे. हंगामाने नाबोर सुधारेल. साहेब कसा सुधारणार? आज नाबोरच्या पंख्याखाली जात होता, उद्या माझ्या नातवाच्या जाईल."

"होडीला दुसरा रंग द्या," एक जण म्हणाला.

"तो खोकला ओळखतो," लिब्रादो म्हणाला. "मीपण ओळखतो. मेलेला माणूस ओळखेल."

"मग नवं इंजिन—"

"तू देतोस?"

बादल्या हलल्या. नेरेइदा मागे उभी होती. ती म्हणाली, "त्याला विसरू द्यायचं. मामांनी महिनाभर खडकाकडे फिरकायचं नाही. मग एकदा हीच होडी, हेच इंजिन न्यायचं. काही टाकायचं नाही, काही दाखवायचं नाही. साहेब आले नाहीत, तर विसरले. आले, तर पुन्हा लांब."

"आणि विसरला तर नाबोरची पाळी परत?" दोन्यांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

दोन्यांनी छत्री मिटली. "परत. जन्मात पहिल्यांदा खरं बोलला, तेवढी सूट. पण साहेब विसरला की नाही हे बघायला नाबोरने खाली जायचं. याची होडी लिब्रादो आणेल. आयुष्यभर वरून टाकलंय याने; खाली काय होतं ते एकदा बघू दे डोळ्यांनी."

"मी?" नाबोर म्हणाला. "मी कोळी आहे, दोन्या. कोळ्याने पाण्याच्या वर राहायचं असतं. खाली गेला तर त्याला बुडाला म्हणतात."

"टाकी देऊ की," लिब्रादो म्हणाला. "आणि तोंडात ती नळी असते. बोलता येत नाही. मी पैसे भरून बघायला येईन."

महिनाभर नाबोर फेरीबोटीवर गेला. एकदा दोन माणसं मिळाली, एकदा एक, आणि त्या एकाने गंज बघून पैसे परत मागितले. उरलेल्या वेळात नेरेइदाने त्याला कमरेइतक्या पाण्यात बसवून शिकवलं. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीला नळी लावून परवानगी दिली होती. फुप्फुसं इतकी मोठी कशी, असं त्याने विचारलं, तेव्हा नेरेइदा म्हणाली, वापरात असतात. मास्कमध्ये पाणी भरायचं, नाकातून हवा सोडून काढायचं, हे नाबोरला दहा वेळा करूनही जमेना; अकराव्यांदा जमलं, आणि त्याने लगेच जाहीर केलं की हे त्याला लहानपणापासून येत होतं.

ठरल्या दिवशी तो लिब्रादोच्या मुलाने चालवलेल्या होडीतून खडकाशी आला. रबरी पोशाखात तो एखाद्या भरल्या पोत्यासारखा दिसत होता.

"मामा, हात," नेरेइदा म्हणाली.

त्याने हात काखेत घातले.

"साहेब तुमच्याकडे आले तरी?"

"खुर्ची."

"तुमच्या होडीकडे निघाले तरी?"

नाबोरने कोपरं अंगाशी आणखी आवळली. "खुर्ची," तो म्हणाला.

खाली गेल्यावर त्याला पहिली गोष्ट कळली ती ही की तिथे फार गर्दी आहे. ज्या पाण्यावरून तो जन्मभर गेला होता, ते वरून रिकामं दिसायचं. आत सार्डिनचा थवा भिंतीसारखा उभा होता, आणि भिंतीला भोकं पाडत पिल्लं आरपार जात होती. एक त्याच्या मास्कसमोर उलटं लोंबलं आणि त्याच्या डोळ्यांत बघायला लागलं. नाबोरला त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला, खारट घोट गिळला आणि गप्प राहिला. पिल्लाने त्याच्या टोपीचं टोक चावून पाहिलं. चव आवडली नसावी.

नेरेइदाने त्याला तळाशी एका सपाट दगडाजवळ, खडकापासून पुरेसं दूर थांबवलं. समोर साहेब येरझारा घालत होते. जमिनीवर ओझं वाटणारं ते धूड पाण्यात नुसत्या खांद्याच्या हालचालीने वळत होतं. नाबोर बघत राहिला.

मग खोकला आला.

पाण्यात आवाजाला दिशा नसते. आपलंच इंजिन त्याला आपल्या डोक्यात सुरू झाल्यासारखं वाटलं. लिब्रादोने ठरल्याप्रमाणे ते लांबूनच हळू केलं होतं. साहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी मान वर केली. वर, पाण्याच्या चमकत्या छताला होडीच्या बुडाची सावली लागली आणि इंजिन बंद झालं.

साहेब वर निघाले.

नाबोरचे दोन्ही हात काखेतून सुटायला लागले. हात हलवून त्याला वळवता येईल, समोर जाऊन आडवता येईल, निदान त्याचं लक्ष तरी आपल्याकडे ओढता येईल, असं त्या हातांना वाटत होतं. याच हातांनी एकदा सगळं बिघडवलं होतं. नाबोरने ते इतके घट्ट दाबले की पुढे आठवडाभर बरगड्या दुखल्या. नेरेइदाने त्याच्याकडे पाहिलं आणि काही खूण केली नाही.

निम्म्या उंचीवर साहेब थांबले. सावली तशीच होती. त्यातून काही पडलं नाही, कडेवर काही वाजलं नाही. नेमक्या त्याच वेळी खडकाच्या कोपऱ्याआडून एक टगा नर माद्यांकडे सरकताना दिसला. साहेब वळले. ते खाली आले ते नाबोरच्या अगदी समोरून, तोंडातून बुडबुड्यांचा लोट सोडत, भुंकत. त्यांच्या अंगाच्या लाटेने नाबोर दगडावरून हलला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नेरेइदाने मूठ दाखवली. दोघं सावकाश मागे सरले.

थोड्या वेळाने वर इंजिन पुन्हा खोकलं. साहेब टग्याला खडकाच्या पलीकडे हाकलत होते. त्यांनी मान वळवली नाही.

नाबोरचं डोकं पाण्यावर आलं, तेव्हा लिब्रादो कडेवर ओणवा झाला होता. "काय झालं? बोल की! मला वरून काही दिसलं नाही."

नाबोरने तोंडातली नळी काढली. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"निम्म्यापर्यंत आले. मग एक टगा दिसला, त्याच्यामागे गेले. दुसऱ्यांदा आलेच नाहीत."

"बस?"

"बस."

लिब्रादोने नेरेइदाकडे पाहिलं. "खरंय?"

"तसंच झालं," ती म्हणाली.

"एवढंच? एवढ्यासाठी मी महिनाभर थांबलो?" लिब्रादोने रेडिओ उचलला. "दोन्या, साहेब आला नाही. द्या त्याला पाळी. पण माझ्या कोंपाद्रेला खाली काहीतरी झालंय, हा आजारी वाटतोय मला."

नाबोर आपल्या होडीत चढला, लिब्रादोला बाजूला सारून त्याने सुकाणू हातात घेतलं. ते हळूहळू बोयापासून निघाले. इंजिन खोकत होतं. नाबोरने मागे पाहिलं. साहेब कातळावर परत चढले होते आणि भलत्याच दिशेला तोंड करून ओरडत होते.

"एकदा तरी माझ्याकडे बघायला हवं होतं साहेबांनी," नाबोर पुटपुटला.

"मामा!"

"काही नाही गं. बरंच झालं, असं म्हणत होतो."